मृग बहाराचं वर्ष

अकोला, ११ फेब्रुवारी २०२४

श्यामदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून दिलंस, तर मी काय करणार? काही नाही. म्हणूनच टपालानं पाठवतेय. व्हॉट्सअपवर लिहिलं असतं तर तू वाचलंस की नाही ते बघत बसावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नाही. पेटीत टाकलं की मी सुटले.

आधी बातमी. मी प्रोग्रामिंग शिकतेय. घे, हसून घे.

चांदूर रेल्वेला, मामाच्या प्राजक्ताच्या लग्नात, तू माझ्या मांडीवरचा लॅपटॉप उचललास. मी दोन दिवस ज्याच्याशी झुंजत होते ते चहा निवायच्या आत करून दिलंस आणि सगळ्या मामेमंडळींसमोर म्हणालास, "अपू, हे तुह्या डोक्याचं काम नोय." मीही काही कमी बोलले नाही. "तू आजवर कोणाले काई शिकवलं काय? नुसतं हिसकून घेतलं." तू पंगतीतून उठलास तो हैदराबादलाच जाऊन थांबलास. तेव्हापासून तुझी खुशाली मला आईकडून कळते आणि माझी तुला. आई बिचारी दोघांचं टपालखातं झाली आहे.

तर झालं असं. माझ्या पीएचडीचा विषय तुझ्या लक्षात असण्याचं कारण नाही, म्हणून सांगते. संत्र्याला फूल यायचं तर आधी पाणी तोडून झाड तहानलेलं ठेवावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. किती दिवस द्यावा, हा माझा विषय. मोर्शीकडच्या बागा फिरून तीन वर्षं मी ताणाचे दिवस आणि तोडलेली फळं लिहून आणली. आमच्याकडे रीत अशी होती की विद्यार्थ्यानं आकडे आणायचे आणि गावातल्या एका निवृत्त गृहस्थांनी गणित करून द्यायचं. ते गृहस्थ आता मुलीकडे नाशिकला गेले. माझ्या मार्गदर्शक सरांनी फर्मान काढलं, आपलं गणित आपणच करायचं.

मग आमच्यातल्याच दोघांनी शनिवारचा वर्ग सुरू केला. माधवी आणि ललित. दोघंही माझ्यासारखेच संशोधक, फक्त एक वर्ष आधी हे शिकलेले. माधवी पातूरची, सोयाबीनवर काम करते. पहिल्याच दिवशी तिनं नियम सांगितला. शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. ती पाठीशी येऊन उभी राहते, दोन्ही हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. आणि आपण लिहिलेली प्रत्येक ओळ मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायची, ही ओळ काय करते म्हणून.

दादा, मला इतकी भीती वाटते की बोटांना घाम येतो. चूक दाखवणारी लाल अक्षरं आली की मी लॅपटॉप मिटते. तीन वर्षांचे आकडे एका चुकीच्या ओळीनं पुसले जातील असं वाटतं. ललित म्हणतो, "पुसले जात नाई बाप्पा, मूळ फाइलले आपन हात लावूनच नाई राह्यलो." समजतं सगळं. तरी रोज रात्री फाइलची आणखी एक प्रत काढून ठेवते.

गेल्या शनिवारी लाल अक्षरं आली तेव्हा मी सवयीनं खुर्ची मागे सारली, माधवीला जागा करून द्यायला. ती हललीच नाही. "काहून उठली? बस. काय म्हनते ते वाच." मी वाचलं. एक कंस उघडा राहिला होता. मी बंद केला आणि चाललं. एवढीशी गोष्ट, पण मला तुला सांगावीशी वाटली.

आई बरी आहे. बाबांचा गुडघा तसाच. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस.

अपेक्षा


अकोला, ५ मे २०२४

श्यामदादा,

उत्तर दिलं नाहीसच. असो.

इथं जीव नको झालाय. कूलरमध्ये पाणी ओतेपर्यंत ते गरम होतं. तरी आज तुला लिहायला बसले, कारण बढाई मारायला दुसरं कोणी नाही. आईला सांगितलं तर ती विचारते, "मंग आता नोकरी लागंन काय?"

माझा प्रोग्राम चालला! पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही लाल अक्षर नाही. आकडे आत गेले आणि आलेख बाहेर आला. कुलदीपनं, तो माझ्याबरोबर शिकतो, सगळ्यांना समोसे खाऊ घातले. बऱ्याच ओळी माधवीच्या आहेत हे कबूल करते. तिनं सोयाबीनसाठी लिहिलेला कागद आम्हा सगळ्यांना वाटला होता, त्यात आपापल्या पिकाचं नाव घालायचं. वर्गाची पद्धतच ती. एकानं खाच पाडली की दुसऱ्यानं त्यातूनच पाणी न्यायचं.

आणि आलेखातून काय निघालं ते ऐक. मे महिन्यात ज्यांनी जास्त दिवस ताण दिला, त्यांच्या बागा जास्त फळल्या. थोड्याथोडक्या नव्हे, भरपूर. सर दोनदा आलेख बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा सोबत विभागातल्या आणखी दोघांना घेऊन आले. चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा "शाब्बास" म्हटलं. खरं सांगू? मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. कौतुकाची मला सवय नाही, ते कोणीतरी परत मागायला येईल असं वाटतं.

गेल्या आठवड्यात मोर्शीला शेतकरी मेळावा होता. तिथं सरांनी माझ्या आकड्यांवरून जाहीरच सांगितलं. एरवी बागवाले मेच्या शेवटी विहिरीचं पाणी सोडून ताण तोडतात. यंदा तोडू नका, मोटारी बंदच ठेवा, थेट पावसावर सोडा. मग माझ्या हातात माइक दिला. काय बोलले ते आठवत नाही.

खाली उतरले तर जमुनाबाई समोर. त्यांच्याबद्दल तुला कधी लिहिलं नाही. नवऱ्यामागे एकट्या बाग करतात, राहतातही बागेतच, गावापासून लांब. तीन वर्षं त्यांची झाडं मोजायला गेले की त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "पोरी, मानसं बोल्तच रायतात. तू सांग. तुही खात्री हाय ना?"

मी म्हणाले, हो.

"मंग मी नाई सोडत पानी," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन एसटीकडे गेल्या.

दादा, तुला हे सगळं लिहिताना मला छान वाटायला हवं ना?

अपेक्षा


अकोला, २६ मे २०२४

दादा,

हे पत्र वाच. आधीची दोन नसतील वाचली तर नको वाचूस, पण हे वाच. हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. तू उत्तर देत नाहीस, म्हणूनच तुला सांगता येतंय.

काल शनिवार. वर्गात माझी पाळी होती. पूर्ण प्रोग्राम पडद्यावर लावून ओळ न् ओळ वाचायची. माधवी मागे उभी. मला म्हणाली, "मले संत्र्यातलं काई समजत नाई असं समज, अन् वाच." मी वाचत गेले. मधे ती ओळ आली. कागदावरून उचललेली, मी तिच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "तोडणीच्या तारखेतून वर्ष काढ. त्याच वर्षीचा मे महिन्यातला ताण शोध. दोन्ही एकमेकांसमोर ठेव."

म्हणाले आणि थांबले.

सोयाबीन जूनमध्ये पेरतात, ऑक्टोबरात काढतात. एकाच वर्षात सगळं. माधवीची ओळ तिच्या पिकाला बरोबरच आहे. पण मी ज्या बहाराचं मोजलं तो मृग बहार. त्याला मे महिन्यात ताण देतात, मृगाच्या पावसावर फूल येतं आणि फळ तोडतात पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुढच्या वर्षीच्या, दादा! मोर्शीतलं शेंबडं पोर हे सांगेल. मला माहीत नव्हतं का? तीन वर्षं तेच मोजत होते. पण बाहेरून आणलेल्या ओळीत मी आपलं पीक घातलं आणि आपलं वर्ष घालायचं विसरले.

म्हणजे माझ्या प्रोग्रामनं फेब्रुवारीत तोडलेलं फळ त्यानंतर तीन महिन्यांनी दिलेल्या ताणाच्या खात्यावर मांडलं. फळ आधी, ताण मागून, आणि मी माइकवर सांगितलं की ताणामुळे फळ आलं. ज्याला चांगलं पीक झालं त्याला घाई नव्हती, तो नंतर बाग जास्त दिवस सुकवत असेल. एवढाच त्या आलेखाचा अर्थ.

माधवीनं विचारलं, "काय झालं? काहून थांबली?"

मी म्हणाले, "काही नाही. तोंड कोरडं पडलं." आणि पुढची ओळ वाचली. मग पुढची. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोलीवर येऊन ती एक ओळ बदलली. फळ एक वर्ष मागे सरकवलं आणि पुन्हा चालवलं. आलेख उलटा झाला. जेवढा ताण जास्त तेवढं फळ कमी. आणि ज्यांनी पार पावसापर्यंत ओढलं त्यांच्या बागांत वाळलेल्या फांद्या, ज्याला तिकडे सल म्हणतात, त्या सगळ्यात जास्त.

आज इथं पंचेचाळीसच्या वर पारा आहे. मोर्शीला काय वेगळं असणार? जमुनाबाईंची मोटार बंद आहे, कारण मी "हो" म्हणाले.

आता तू म्हणशील, मग फोन कर ना, बसलीस काय? दादा, मी तीनदा नंबर काढला. काय सांगू? त्यांना सांगितलं की सरांना कळणार. सरांनी भर मेळाव्यात माझ्या शब्दावर सांगितलंय, ते मला दारात उभं करणार नाहीत. चार वर्षं पाण्यात. ओळ माधवीच्या कागदावरची, तेव्हा पहिलं खापर तिच्यावर फुटणार. विभागातले काहीजण वाटच बघताहेत की या पोरापोरींचा वर्ग एकदाचा बंद पडावा. आणि तू म्हणाला होतास ते खरं ठरणार, हे माझ्या डोक्याचं काम नाही.

मला खूप भीती वाटतेय. सकाळपासून पोटात अन्न नाही. उद्या सांगेन. नक्की सांगेन. हे स्पीडपोस्टानं टाकते.

अपू


अमरावती, ३० मे २०२४

दादा,

तुझा मेसेज काल इथल्या बसस्टँडवर मिळाला. मोर्शीची गाडी लागायची होती. तुझं नाव दिसलं तेव्हा मी बाकड्यावर बसूनच घेतलं. "फाइल पाठव. मी नीट करून देतो. तोवर कोणाले काई सांगू नको." इतक्या दिवसांनी तुझे पहिले शब्द. वाचून मी रडले, शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. माझा भाऊ माझ्यासाठी धावला, हे मी विसरणार नाही. आणि तरी तुला तिथूनच उत्तर दिलं नाही, कारण ते मेसेजात मावणारं नव्हतं. फाइल पाठवायची नाही. नीट मी केलेली आहे. आणि सांगूनही झालंय.

सोमवारी सांगितलं नाही. सरांच्या दारापर्यंत गेले, आतून त्यांच्या हसण्याचा आवाज आला आणि परत फिरले. हे तुला सांगायलाच हवं असं काही नाही, पण गाळलं तर या पत्राला अर्थ नाही.

मंगळवारी माधवीला गाठलं. पायरीवर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं आता ही ओरडणार. ती म्हणाली, "ओळ माही हाय. मी वाटतानी सांगाले पायजे होतं का हे सोयाबीनपुरतंच चालते म्हनून." मग विचारलं, "कोनाची मोटार बंद हाय आता?" मी जमुनाबाईंचं नाव घेतलं तशी ती उठलीच. "चाल सरांकडं. आताच्या आता. मलेबी भेव लागून राह्यलं, पन चाल."

सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघितले. मी दाराकडे पाठ करून उभी होते, पळायचं मनात येऊ नये म्हणून. सरांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं त्यातलं काहीच ते बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मेळाव्यात कोण कोण होतं?" आणि खिशातून फोन काढताना तो त्यांच्या हातून पडला. मला कधी वाटलं नव्हतं की सरही घाबरतात.

दुपारभर आम्ही फोन करत होतो. सर, माधवी, ललित, कुलदीप, मी. "पाणी सोडा. चूक आमची आहे. आजच सोडा." निम्म्या लोकांनी ऐकलंच नव्हतं म्हणे आमचं, कधीच सोडलं होतं. काही हसले. एकानं आईवरून शिवी दिली, ती सरांनी ऐकून घेतली. जमुनाबाईंचा फोन मात्र बंद. शेवटपर्यंत बंद. सर म्हणाले, उद्या माणूस पाठवू. मी म्हणाले, मी जाते.

माझ्या पदवीचं काय ते सरांनी नंतर सांगितलं. सगळं पुन्हा तपासायचं, एक वर्ष पुढे ढकलायचं. शनिवारच्या वर्गाचं अजून ठरलेलं नाही. वरच्या मंडळींना काय वाटतं त्यावर आहे. ते सगळं मोठं आहे, मला माहीत आहे. पण काल दुपारनंतर मला ते मोठं वाटेनासं झालंय.

मोर्शीहून रिक्षा करून बागेत पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. फाटकातूनच दिसलं. पानं मिटून दोन्ही बाजूंनी आत वळलेली. विहिरीजवळची झाडं जरा तरी बरी होती, पलीकडच्या ओळीत शेंड्याकडून फांद्या करपत खाली आल्या होत्या. जमुनाबाई खोपीच्या सावलीत बसल्या होत्या. फोन बिघडून आठवडा झाला होता म्हणे.

"आली काय पोरी? पाय ना कशी झाली बाग. पन तू म्हनली होती, म्हनून नाई सोडलं मी. शेजारचा रोज म्हने, सोड, सोड."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. वर्ष चुकलं, हिशेब उलटा झाला, पाणी सोडायला हवं, आत्ता लगेच. किती भराभर बोलले असेन देव जाणे. त्यांनी मोटारीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लाइन नाई. चार वाजता येते."

विजेशिवाय मोटार चालणार नव्हती, तोवर बसण्याशिवाय काही नव्हतं. त्या उठून पलीकडच्या ओळीत गेल्या, मी मागोमाग. एका झाडापाशी थांबल्या. त्याची पानं हाताला लागताच चुरत होती. त्यांनी एक फांदी वाकवून बघितली, ती कट्कन मोडली. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुले कवा समजलं हे?"

दादा, तिथं कोणी नव्हतं. सर नव्हते, माधवी नव्हती. "काल" म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? "काल समजलं आणि आज धावत आले." शब्द अगदी ओठावर होते. आयुष्यात मी तुला, सरांना, कोणालाही इतकी घाबरले नसेन तेवढी त्या क्षणी त्या बाईला घाबरले, आणि ती तर ओरडतही नव्हती.

मी म्हणाले, "शनिवारी."

त्यांनी मोडलेली फांदी खाली टाकली आणि झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला.

"शनवारी हे झाड हिरवं होतं, मॅडम," त्या म्हणाल्या.

लाइन यायला अजून वेळ होता. आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.

अपेक्षा